बिनतिकिटाची चित्रं

पोस्टर बघायला तिकीट लागत नाही. मालवणात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या मुलांनी जेवढे सिनेमे बघितले, त्याच्या कितीतरी पट पोस्टरं बघितली. सिनेमा वर्षातून एखाद-दुसरा, तोही मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी घरी आले की त्यांच्या खिशातून. बाकीचं वर्ष भिंतींवर निघायचं. रिक्षाच्या दोन्ही बाजूंना पाट्या बांधून त्यांवर नव्या सिनेमाची पोस्टरं लावलेली असत, टपावर भोंगा, आणि ती रिक्षा भरड नाक्यावरून बाजारात, बाजारातून बंदरावर अशी दिवसभर फिरे. आम्ही तिच्या मागून धावायचो. आजी ओट्यावरून हाक मारायची, "मेल्या, उनात थंयसर काय बगीत रवलंस? घराक ये." काय बघत होतो ते तिला सांगता आलं नसतं. एक माणूस होता, त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर तांबडा उजेड आणि अर्ध्यावर निळा. खरा माणूस असा कधीच दिसत नाही हे कळत होतं, तरी तो खरा वाटत होता.

त्या चित्रांवरून आम्ही सिनेमे रचत असू. कोण कुणाचा भाऊ, शेवटी मरतं कोण, ती बाई कशासाठी रडते आहे. पुढे त्यातले काही सिनेमे टीव्हीवर पाहिले तेव्हा बहुतेकांनी निराशा केली, कारण आमच्या गोष्टी जास्त मोठ्या होत्या. तो मोठेपणा आम्ही आणला नव्हता. चित्रकाराने तो आधीच चित्रात ठेवलेला होता. अडीच-तीन तासांचा सिनेमा एका कागदावर आणायचा, आणि तो कागद चालत्या माणसाने चालता चालता वाचायचा, असं ते काम. माणूस थबकला नाही तर चित्र फुकट. हे करणारा कोण, हा प्रश्न मात्र त्या वयात पडला नाही. नट ठाऊक, नटी ठाऊक, संगीत कुणाचं तेही ठाऊक. चित्र कुणाचं, हे कुणीच विचारत नव्हतं.

तो प्रश्न मला फार उशिरा पडला, आणि पाडला तो एका दूरच्या माणसाने. आर्ट सिम्स हे त्याचं नाव. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात वाढलेला कृष्णवर्णीय आरेखक. पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्याने स्वतःची संस्था काढली आणि तिला नाव दिलं '11:24'. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या एका वचनाचा तो क्रमांक आहे. प्रार्थनेत जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, असं सांगणारं ते वचन. हॉलिवूडच्या जाहिरातखात्यांत कृष्णवर्णीय माणसं जवळजवळ दिसत नसत, त्या काळात या माणसाने स्पाइक ली या दिग्दर्शकाच्या एकामागून एक चित्रपटांची पोस्टरं केली. 1989च्या 'डू द राइट थिंग'चं पोस्टर वरून, आभाळातून खाली पाहिल्यासारखं आहे. ब्रुकलिनचा तापलेला रस्ता, त्यावर खडूने काढलेली चित्रं, आणि मान वर करून आपल्याकडे बघणारी माणसं. चित्रपटात दिवसभराचा उकाडा आहे, पिझ्झाच्या एका दुकानाभोवती वर्णावर्णांतली धुसफुस साचत जाते आणि रात्री फुटते. पोस्टरमध्ये यातलं काही घडत नाही. रस्ता फक्त तापलेला आहे. पण त्या रस्त्यावर उभ्या माणसांचे चेहरे ज्याने मांडले त्याला तो उकाडा ठाऊक होता, हे चित्र बघताच कळतं.

1992च्या 'माल्कम एक्स'साठी त्याने याच्या पुढची गोष्ट केली. काळी पार्श्वभूमी आणि त्यावर एक प्रचंड इंग्रजी अक्षर, एक्स. एवढंच. कुणी नट नाही, बंदूक नाही, बाई नाही. ज्याच्या आयुष्यावर तो चित्रपट होता त्या माणसाचं जन्मनाव माल्कम लिटल. 'लिटल' हे आडनाव गुलामांच्या कुणा मालकाने त्याच्या पूर्वजांना चिकटवलेलं, म्हणून त्याने ते टाकलं. आफ्रिकेतलं खरं कुळनाव हरवलेलं, ते शोधायला वाट उरलेली नाही. त्या रिकाम्या जागी त्याने हे अक्षर धरलं. सिम्सने ती रिकामी जागाच भिंतभर मोठी केली. ज्या माणसांची नावं पुसली गेली त्यांचं पोस्टर त्यांच्यातल्याच एकाने करावं आणि त्यात पुसल्याची खूणच तेवढी ठेवावी, यापेक्षा मोठं धाडस जाहिरातीच्या चित्रात मला दुसरं आठवत नाही. त्या काळात ते अक्षर टोप्यांवर आणि सदऱ्यांवर घालून पोरं गल्लोगल्ली फिरत होती.

सिम्सबद्दल वाचत असताना मन सारखं घाट चढून कोल्हापूरला जात होतं. आमच्या बाजूने कोल्हापूर म्हणजे फोंडा घाट, गगनबावडा नाहीतर आंबोली. गूळ, चपला, दवाखाने आणि पैलवान या सगळ्यासाठी आम्ही तिकडे जातो. पण भारतातल्या सिनेमाच्या पोस्टराची वाटही तिथूनच निघते, हे आमच्याकडे कुणी सांगत नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 1890चा, कोल्हापूरचा. वडिलांच्या हातात सुतारकाम, चित्र, मूर्ती सगळं होतं. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. घरात पाहून शिकले आणि नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला लागले. रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, दरबाराचा पडदा. आज नाटकात पडदा म्हटलं की उघडतो आणि मिटतो तेवढाच आठवतो, पण संगीत नाटकाच्या त्या बहरात पडदा स्वतः बघण्याची वस्तू होती आणि या दोघा भावांचे पडदे बघायला माणसं येत. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं. बाबूराव मेस्त्रींचे बाबूराव पेंटर झाले. स्वतःच्या कामाचं आडनाव लोकांकडून मिळालेला आणि ते शेवटपर्यंत अभिमानाने लावणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

1913 साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघा भावांना चित्र हलवण्याचं वेड लागलं. आनंदराव 1916 साली अकाली गेले. बाबूरावांनी वेड सोडलं नाही. विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन त्यांनी कॅमेरा घरीच बनवला. हे दामले आणि फत्तेलाल म्हणजे पुढे 'प्रभात'मध्ये 'संत तुकाराम' करणारे. दोघेही याच पडदे रंगवणाऱ्या तालमीतले. कॅमेरा झाला, पैसे नव्हते. ते गायिका तानीबाई कागलकरांनी दिले. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920च्या फेब्रुवारीत पुण्यात 'सैरंध्री' लागला. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं खरं उतरलं होतं की सेन्सॉरने ते कापलं. टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, असं सांगतात. 1925च्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकरी झालेले शांताराम म्हणजे पुढचे व्ही. शांताराम.

हा सगळा इतिहास पुस्तकांत आहे. मला त्याच्या कडेची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. 1921-22च्या सुमारास बाबूराव चित्रपटाबरोबर माहितीपुस्तिका वाटू लागले, आणि स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवू लागले. दिग्दर्शक तेच, नेपथ्याची रेखाटनं त्यांची, वेशभूषेची त्यांची आणि भिंतीवरचं चित्रही त्यांचंच. आपल्याकडची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी सिनेमाची पोस्टरं शोधत गेलं की आपण 1924च्या 'कल्याण खजिना'पाशी येऊन थांबतो. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठवल्याची जी कथा घरोघर सांगतात, तिच्यावरचा तो चित्रपट. चित्रपट आज नाही. मूकपटांच्या नायट्रेटच्या फिती जळल्या, विरघळल्या, चांदीसाठी वितळवल्या गेल्या. आठवडाभर भिंतीवर राहून पावसात जायचं एवढंच ज्याचं आयुष्य ठरलेलं, तो कागद मात्र शंभर वर्षं टिकला. चित्रपटाच्या जन्मकाळी बाबूरावांना कुणी विचारलं असतं की या दोघांतलं काय मागे राहील, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं?

हे कागद छापले जायचे दगडावर. शिळाप्रेसचा चुनखडीचा दगड घासून गुळगुळीत करायचा, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. तेलकट जागा पाणी धरत नाही; शाई फिरवली की ती तेवढ्याच जागी बसते आणि कागदावर उतरते. एका रंगाला एक दगड. चार रंग हवेत तर चार दगड, आणि चारही चित्रं एकमेकांवर केसाचाही फरक न पडता बसली पाहिजेत. अक्षरं उलटी लिहायची, म्हणजे कागदावर सुलटी येतात. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत काढलेला आणि पुढे मळवलीला नेलेला छापखाना याच तंत्राचा. फाळक्यांनीही तिथे काम केलेलं होतं. म्हणजे देवांची चित्रं घराघरात पोचवणारा दगड आणि सिनेमाचं पोस्टर भिंतीवर नेणारा दगड एकाच जातीचा. रविवर्म्याची लक्ष्मी आणि पोस्टरवरची नायिका एकमेकींसारख्या का दिसतात, या जुन्या कोड्याचं अर्धं उत्तर मला इथे सापडतं. उरलेलं अर्धं माणसांच्या डोळ्यांत आहे. लोकांना आधी भेटलेला चेहराच पुन्हा भेटला तर हवा असतो, आणि पोस्टर काढणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आमच्याच जिल्ह्यात हे पोस्टरच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या गुढीपूरच्या ठाकर आदिवासींकडे चित्रकथीच्या पोथ्या आहेत. पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. रामायणातला, महाभारतातला एखादा प्रसंग घ्यायचा, त्याची पंचवीस-तीस किंवा त्याहून अधिक चित्रं कागदावर रंगवायची, आणि देवळात लोकांसमोर एकेक चित्र पुढे ठेवत, वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने गोष्ट गायची. पात्रं बहुधा एका बाजूने दिसणारी, डोळा भला मोठा, बाह्यरेषा ठाम. लढाईच्या चित्रात बाण सुटलेला असतो आणि लागलेला नसतो. चित्र तिथेच थांबतं, पुढचं गायकाच्या तोंडून ऐकायचं. सावंतवाडी संस्थानाचा या मंडळींना आश्रय होता. आज परशुराम गंगावणे यांच्या घराण्याने तिथे गोठ्याच्या जागी संग्रहालय उभं केलं आहे, आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पिंगुळीला गेलं की मी त्या चित्रांपुढे बराच वेळ बसतो. राम, रावण, पांडव, सोन्याचे मुकुट, रथ. आणि हे काढणारे हात गावकुसाच्या कडेला राहणाऱ्या आदिवासींचे. ज्या समाजात बसण्याची जागा सुद्धा जातीने ठरत होती, तिथे रामाचा चेहरा कसा दिसतो हे सगळ्या गावाला ठाकरांनी सांगितलं. गावाने तो मान्य केला आणि त्याच चेहऱ्यापुढे हात जोडले. या गोष्टीचं मोल आपण नीट केलेलं नाही. चित्रकथी 'जपली पाहिजे' असं सगळे म्हणतात. ती कुणी कुणासाठी काढली आणि त्यातून कुणाचा अधिकार सिद्ध झाला, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. आर्ट सिम्स मला पिंगुळीच्या आवारात पुन्हा आठवतो तो यासाठी. आपल्या माणसांचे चेहरे आपल्या हाताने काढण्याचा हक्क त्याला विसाव्या शतकाच्या शेवटी हॉलिवूडमध्ये झगडून मिळवावा लागला. ठाकरांच्या हातात तर सगळ्या गावाचे देव होते; मोबदला मात्र धान्याचा आणि नाव कुणाचंच नाही.

बाबूरावांच्या पाठोपाठ मुंबई भरत गेली. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित आले, त्यांनी 'बरसात'सारख्या चित्रपटांना त्यांचा गुळगुळीत, दुधाळ प्रकाश दिला. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन ऐन उमेदीत शिडीवर चढून सिनेमाचे भले मोठे फलक रंगवत होते. कोल्हापूरचे जी. कांबळे शांतारामबापूंच्या चित्रपटांची पोस्टरं करत. 'मुगल-ए-आझम'च्या भव्य फलकांमागे त्यांचा हात होता. कार्यालयांत आणि शाळांत लावलेलं शिवाजी महाराजांचं जे चित्र आपण लहानपणापासून पाहतो, शासनाने मान्य केलेलं, तेही कांबळ्यांचंच. महाराजांचा चेहरा डोळ्यांपुढे आणा असं आज कुठल्याही मराठी माणसाला सांगितलं तर सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका माणसाचं काम त्याच्या मनात उभं राहतं. ते कुणाचं आहे, हे सांगू शकणारे फार थोडे.

फलकाचं काम वेगळं. पोस्टर कागदावर, साधारण तीस इंच बाय चाळीस इंच. तेच चित्र वीस-तीस फुटांवर न्यायचं म्हणजे मूळ चित्रावर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन कापडावर मोठे आखायचे, आणि एकेका घरात डोळा, नाक, ओठ बसवत जायचं. अंगाशी उभं राहिलं की काय चाललंय ते कळत नाही; चेहरा दिसतो तो रस्त्याच्या पलीकडून. ही माणसं दिवसभर ज्या चित्राला खेटून उभी असत, ते त्यांना स्वतःला दिसतच नसे. दिसे ते परळ-लालबागला राहणाऱ्या आमच्या मालवणी गिरणी कामगारांना, पाळी सुटल्यावर. 'भारतमाता' थिएटरसमोर मान वर करून उभ्या राहिलेल्या किती काकांनी तो चेहरा गावी आणून आम्हाला तोंडी सांगितला असेल.

दिवाकर करकरे हे माझं खास प्रेम. लहानपणी रिक्षाच्या पाटीवर पाहिलेला तो अर्धा तांबडा, अर्धा निळा चेहरा कुणाचा, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण ती शैली त्यांची. 'दीवार', 'अमर अकबर अँथनी', 'त्रिशूल', 'सिलसिला' ही पोस्टरं त्यांच्या स्टुडिओतली. ब्रश बाजूला ठेवून ते पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवण्याच्या पातळ सुरीने, रंगाचे जाड थर मारत. कपाळावर पिवळा फटकारा, गालावर हिरवा. पंडितांच्या गुळगुळीत नायकाला राग आला तर चालला नसता. चित्र बिघडलं असतं. सत्तरच्या दशकातला नायक रागावलेलाच होता, आणि त्याच्या कातडीवर ओरखडे हवे होते. अमिताभ बच्चनचा राग सलीम-जावेदनी लिहिला हे सगळे सांगतात. भिंतीवर तो आधी दिवाकरांच्या सुरीने उमटला आणि मग लोक तिकीट काढायला गेले. माझ्या लेखी अमिताभचा राग घडवण्यात तिसरा वाटा त्या सुरीचा आहे. संगणक आला, छायाचित्रं जुळवून पोस्टर करता येऊ लागलं आणि त्यांनी हे काम थांबवलं.

अक्षरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पोस्टर अर्धं अक्षरांनी बोलतं. कमल शेडगे 2020 साली गेले. 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा' अशा नाटकांची नावं त्यांनी हाताने घडवली, आणि वर्तमानपत्रातल्या चार बोटं रुंद जाहिरातीतही त्या नाटकाचा स्वभाव उतरायचा. सिम्सच्या एक्सपुढे ठेवायला आपल्याकडे काय आहे असं कुणी विचारलं, तर मी शेडग्यांच्या जाहिरातींची कात्रणं पुढे ठेवीन.

चेहऱ्याच्या हक्काची गोष्ट मला आणखी एका बाजूने बोचते. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर मालवणी माणूस वर्षानुवर्षं आला तो गडी म्हणून. खांद्यावर पंचा, तोंडात हेल, काम हसवण्याचं. जाहिरातीत तो आला तर कोपऱ्यात, डोळे विस्फारलेला. आमच्या घरातले वडीलधारे असं बोलत, पण ते कुणाचे विदूषक नव्हते. 1980 साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं, मच्छिंद्र कांबळी तात्या सरपंच झाले, आणि तीच बोली रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली. लोक पूर्वीही हसत होते, आताही हसले. पण आता हसवण्याचं सूत्र मालवणी माणसाच्या हातात होतं आणि त्याला स्वतःची अब्रू ठाऊक होती. नाटकाने पाच हजारांवर प्रयोग केले.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी हेच फार जास्त किंमत मोजून केलं. 1920 साली, कोल्हापुरात 'सैरंध्री' तयार झाला त्याच सुमारास, शिकागोत ऑस्कर मिशो नावाच्या गृहस्थाचा 'विदिन अवर गेट्स' लागला. मिशो गुलामीत जन्मलेल्या बापाचा मुलगा. शेती केली, कादंबऱ्या लिहून दारोदार विकल्या आणि मग फक्त कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी चित्रपट काढले. बाबूराव आणि मिशो यांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नाही. दोघांनाही आपली माणसं आपल्या माणसांना दाखवायची होती. मिशोच्या आणि त्याच्यासारख्या इतरांच्या चित्रपटांची जी पोस्टरं आज उरली आहेत, त्यांतली बहुतेक कुणी काढली याची नोंद नाही. म्हणून सिम्स महत्त्वाचा. त्याचं नाव पोस्टराबरोबर घेतलं जातं, आणि त्याच्या कामावर लोक भांडू शकतात. 1995च्या 'क्लॉकर्स'चं पोस्टर सॉल बास यांच्या 1959च्या गाजलेल्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'च्या पोस्टरावरून उचललं, असा आरोप झाला. स्वतः बास संतापले. सिम्सचं म्हणणं, ती मानवंदना होती. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की बास यांचा राग मला पटतो. पण असा वाद व्हायला नाव लागतं. निनावी माणसावर चोरीचा आळही येत नाही. 2000च्या 'बॅम्बूझल्ड'साठी सिम्सने गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांची जी हिडीस व्यंगचित्रं पिढ्यान्‌पिढ्या छापली, त्याच जातीचं चित्र मुद्दाम पोस्टरवर आणलं. तुम्ही आम्हाला असं बघत होता, घ्या, बघा. त्या जाहिरातीवर गदारोळ झाला. ती चित्रं दुसऱ्या कुणी आणली असती तर तो निव्वळ अपमान ठरला असता.

आमच्या किनाऱ्यावर पोस्टर टिकत नाही. चिऱ्याच्या भिंतीला भोकं, कागद नीट बसत नाही. गिलावा केलेली भिंत शोधावी लागते. खारी हवा आहेच. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जूनच्या पहिल्या सरीला खळ सुटायची आणि नायकाचा चेहरा गटारातून वाहत जायचा. म्हणून गावोगावच्या पेंटरना काम असे. मुंबईहून आलेलं पोस्टर एकच, तेही घड्या पडलेलं. त्यावरून पत्र्यावर तेलरंगात मोठी पाटी रंगवायची, ती पावसाला दाद देत नसे. सिनेमा बदलला की त्याच पत्र्यावर पांढरा हात मारून पुढचं चित्र.

असं काम केलेल्या एका पेंटरांशी अलीकडे बोलणं झालं. आता ते होड्यांवर नावं घालतात. नारळी पौर्णिमेच्या आधी बंदरावर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. दशावतारी मंडळाचे फलक करतात, गणपतीच्या मागचा पडदाही करतात. तुम्ही पाटीवर कधी सही केली का, असं मी विचारलं. "खंयची सही?" ते म्हणाले. "शुक्रवारी रंगवलंलो, फुडच्या शुक्रवारी मीच पांढरो केलंय. सही घालून काय करू?" मग थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन सांगितलं की नायकाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका ते नेहमी शेवटी देत, सगळं सुकल्यावर, आणि तो देताना आसपासच्यांना गप्प बसायला सांगत. तो ठिपका जरा वर गेला तर माणूस भेदरलेला दिसतो, जरा खाली गेला तर झोपाळलेला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकाच पत्र्यावर त्यांनी राजेश खन्ना रंगवला, पुसला, अमिताभ रंगवला, पुसला. किती चेहरे त्या पांढऱ्याच्या थरांखाली गेले हे त्यांनाही आठवत नाही. फ्लेक्स आल्यावर तो पत्रा गोठ्याच्या छपरावर गेला.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोस्टरं जपलेली आहेत, ते फार मोठं काम आहे. पण तिथे पोचतं ते छापलेलं पोस्टर. पत्र्यावरचं चित्र कुठेच पोचत नाही, आणि ते काढणारा माणूस तर नाहीच. म्हणून मी सध्या नावं लिहून घेतो आहे. कुठल्या गावात सिनेमाची पाटी कोण रंगवत होतं, कुणाच्या हाताखाली शिकला, रंग कुठून आणायचा, सिनेमा बंद पडल्यावर काय केलं. नावं मिळतात ती अर्धीच, अमका पेंटर, तमका पेंटर; पूर्ण नावासाठी घरी जावं लागतं, आणि घरी गेलं की म्हाताऱ्या बायकोला आठवतं की 'शोले'च्या वेळी घरात हिरवा रंग इतका उरला की दारंखिडक्या त्यानेच रंगवल्या. वेंगुर्ल्यापासून सुरुवात केली आहे, कुडाळ बरंचसं झालं. देवगड आणि वैभववाडीकडचं कुणी वाचत असेल आणि आपल्या गावचा पाटी रंगवणारा माणूस आठवत असेल, तर त्याच्याकडे आधी जा. पत्रा शिल्लक असेल तर तो भंगारात घालू नका. वरचा पांढरा थर जपून काढता येतो का, ते विचारायला मी कोल्हापूरला जाणार आहे. तिथे अजून तेलरंग जाणणारे लोक आहेत.